जिम्नला इंग्रजीत काय म्हणायचं?

बीडच्या कचेरीच्या आवारात माझं नाव विचारलंत तर कुणाला सांगता येणार नाही. ‘फारशीवाल्या बाई कुठं राहतात’ असं विचारा, म्हणजे स्टॅम्पवाला, झेरॉक्सवाला, चहावाला, जो भेटेल तो थेट दारापर्यंत आणून सोडेल. एकतीस वर्षं मी हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. टेन्स शिकवून शिकवून घसा बसला. पण ‘इंग्रजीवाल्या बाई’ असं एकाही माणसाने मला कधी म्हटलं नाही. फारशी कागद वाचले ते रविवारी, स्वयंपाक उरकल्यावर, आणि नाव झालं ते त्याचं. निवृत्तीनंतर तर आठवड्याचे सगळेच वार रविवार झाले, त्यामुळे काम वाढलं.

बाहेरच्या लोकांना नवल वाटतं की बीडमध्ये फारशीचं काय काम. आमचा मुलूख निजामाचा. दफ्तराची भाषा आधी फारशी होती, पुढे उर्दू झाली. म्हणून इथल्या जुन्या घरांत ट्रंकेच्या तळाशी, नाहीतर देवाच्या फळीवर, एखादा तरी असा कागद असतो जो घरातल्या कुणालाच वाचता येत नाही. वाचता येत नाही म्हणून त्याचा मान फार. जमिनीचं भांडण निघालं की तो कागद खाली उतरतो. प्रकरण वर जाणार असेल तर त्याचा इंग्रजी तर्जुमा जोडावा लागतो, आणि तर्जुमा करणाऱ्याने ‘माझ्या माहितीप्रमाणे खरा’ असं शपथेवर लिहून द्यावं लागतं. ते लिहून देणारी मी.

शिकले कशी, तर कॉलेजात फारशी विषयाला विद्यार्थीच नव्हते आणि वडिलांचं शिक्षण उर्दूत झालेलं. ते म्हणाले, घे. वर्गात मी एकटी आणि समोर मौलवीसाहेब. ते रजेवर गेले की वर्ग बंद आणि मी आजारी पडले तरी वर्ग बंद. अशी तीन वर्षं काढली.

काम तीन पायऱ्यांचं आहे. पहिली पायरी अक्षर लावण्याची. जुने मुन्शी इतके घाईत लिहायचे की नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गाळलेले, शब्द एकमेकांत घुसलेले. दुसरी पायरी अर्थाची. इथे आपण मराठवाड्याची माणसं जरा फुशारकी मारू शकतो, कारण निम्मे शब्द आपण रोज बोलतो. तारीख, दाखला, हिस्सा, कब्जा, शिल्लक, काय म्हणून सांगू. खरी झटापट तिसऱ्या पायरीवर, इंग्रजी शब्द शोधताना. शब्द ओळखीचा वाटला की माणूस बेसावध होतो. वकिलांचा त्यात वेगळाच तगादा. “बाई, एका शब्दात सांगा ना.” अरे बाबा, ज्या मुन्श्याने एका गोष्टीला चार शब्द वापरले तो काय वेडा होता?

एक गंमत सांगते. परळीकडच्या एका घरातली मुलगी अमेरिकेत असते. तिच्या खापरपणजोबांनी भावाला लिहिलेलं फारशी पत्र तिने फोटो काढून पाठवलं. तिच्या मुलांना ते इंग्रजीतून वाचून दाखवायचं होतं. पत्रात मुंजीचा थाट वर्णन केलाय, जेवणावळीतल्या पदार्थांची नावं आहेत, आणि शेवटी ‘जा-ए-शुमा खाली बूद’. म्हणजे तुमची जागा रिकामी होती. सरळ इंग्रजी करायचं तर ‘वुई मिस्ड यू’. मी तेच लिहिलं आणि रात्रभर, छे, रात्रभर नाही, पण भाजी निवडताना आणि कुकरच्या शिट्ट्या मोजताना ते टोचत राहिलं. कारण ‘मिस’ केलं म्हणताना सगळं लक्ष माझ्याकडे येतं, मला कसं वाटलं त्याकडे. फारशीत लक्ष त्या पाटाकडे आहे, जो मांडलाय आणि ज्यावर कुणी बसलेलं नाही. शेवटी ‘देअर वॉज अ प्लेस लेड फॉर यू, अँड इट स्टेड एम्प्टी’ असं लिहिलं. मुलीचा फोन आला. म्हणाली, “बाई, हे वाक्य वाचून माझा धाकटा म्हणाला, मग त्याचं जेवण कुणी खाल्लं?” मला फार आनंद झाला, कारण त्या पोराला पाट दिसला होता.

अशी कामं हौसेची. पण ज्या कामाबद्दल लिहायचं म्हणून बसले ते हौसेचं नव्हतं.

चारेक वर्षांपूर्वी, दिवाळीच्या थोडं आधी, दुपारी एक बाई दारात उभी राहिली. पन्नाशीची असेल. हातात कॅरीबॅग, तिच्यात आणखी एक कॅरीबॅग, आणि तिच्यात कागद.

“तुमीच का त्या फारशीवाल्या बाई? सानप वकिलानं धाडलंय.”

“या, बसा. नाव काय तुमचं?”

“कौसाबाई. मांजरसुंब्याच्या पल्याड, घाटाखाली आमची वाडी हाय.” पाणी प्यायल्यावर तिने कागद पुढे सरकवले. “ह्ये वाचून सांगा. ह्यात आमचं नाव हाय का न्हाई, तेवढंच सांगा.”

तिची हकिकत अशी. घाटाखालच्या जुन्या वाटेवर एक बारव आहे. पूर्वी तिथे वाटसरूंसाठी पाणपोई होती. पाणी ओढायचं, रांजण भरून ठेवायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला द्यायचं, आणि त्याबदल्यात बारवेशेजारची जमीन खायची, अशी सनद होती. पोई बंद पडून जमाना लोटला, इनामंही केव्हाच खालसा झाली, पण जमीन होती तिथेच आहे. तिच्यातला मोठा भाग गावच्या पाटील घराण्याकडे, आणि बारवेला लागून असलेला एक तुकडा, ज्याला सगळं गाव ‘पोईची पट्टी’ म्हणतं, कौसाबाईच्या सासरकडे. पिढ्यान् पिढ्या हे असंच चाललं. मग पाटलांच्या घरातून दावा लागला की सनद एकट्या आमच्या नावाची, पट्टी कसणाऱ्यांना आमच्या वाडवडिलांनी मेहरबानीने बसवलं होतं. कौसाबाईच्या घरच्यांनी सांगितलं की आमच्या गंगू आजीचं नाव सनदेत आहे. गंगू ही त्यांचीच पूर्वज, हे पाटलांनाही मान्य होतं. तेव्हा सगळा दावा एवढ्यावर येऊन थांबला की तिचं नाव कागदात आहे की नाही. कोर्टाने कागद पाहिला, नाव दिसलं नाही, पट्टी गेली. अपील वर्षानुवर्षं पडून होतं, ते आता सानप वकिलांनी लढवायला घेतलं होतं.

“माझी सासू मरस्तोवर म्हनायची, आपलं नाव सनदीत हाय म्हनून,” कौसाबाई म्हणाली. “ती काय खोटं बोलनार व्हय? पट्टी गेल्यापसून आमी ऊसतोडीला जातोत. मी अन् मालक. आता मालकाचं गुडघं गेलं, तर मी अन् पोरगी जातोत. पोरगी सातवीतून काढली.”

मी कागद उलगडले. वर सनदेची झेरॉक्स, खाली इंग्रजी तर्जुमा, आणि तर्जुम्याखाली शपथेवर केलेली सही. सही माझी होती.

बारा-तेरा वर्षांपूर्वी पाटलांकडून एक कारकून झेरॉक्स घेऊन आला होता, हे मला अंधुक आठवलं. असे शेकड्याने कागद हातांखालून गेले, त्यांतला एक. कौसाबाईला वाचता येत नव्हतं, त्यामुळे सही कुणाची हे तिला कळायचा प्रश्न नव्हता. सानप वकिलाने मात्र सही बघूनच तिला माझ्याकडे पाठवलं होतं, हे त्याने नंतर हसत हसत कबूल केलं. मी कौसाबाईला त्या दिवशी काहीच सांगितलं नाही. “आठ दिवसांनी या, नीट बघते,” एवढंच म्हणाले. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

ती गेल्यावर चष्मा पुसून बसले. सनद अकरा ओळींची. आधी देवाचं नाव, मग सरकारच्या पदव्यांची दीड ओळ, मग गाव, बारव, जमीन, पोई. मग पाटलांच्या पूर्वजाचं नाव आणि त्याला लागून तीन शब्द: ‘मय शुरका, हस्बुज्जिम्न’. मय शुरका म्हणजे भागीदारांसह. ‘हस्ब’ म्हणजे प्रमाणे. राहिला ‘जिम्न’.

मी त्या वेळी लिहिलं होतं, ‘टुगेदर विथ शेअरर्स, अॅज कंटेन्ड हियरइन’. भागीदारांसह, यात नमूद केल्याप्रमाणे. ‘यात’ कोर्टाने बारकाईने पाहिलं, अकराच्या अकरा ओळी, आणि यात कुणी भागीदार नमूद नाही असा निष्कर्ष काढला. माझं इंग्रजी खरं धरलं तर कोर्टाचं काही चुकलं नव्हतं.

पण जिम्नला दुसरं म्हणायचं तरी काय? कोश उघडला. जिम्न म्हणजे आत असलेलं, अंतर्भूत, समाविष्ट. आपला जामीन याच कुळातला, जबाबदारी पोटात घेणारा. मोठा कोश उघडला. कलम, पोटकलम, ओघाने आलेली गोष्ट. आता हे सगळं खरं असून माझ्या उपयोगाचं नव्हतं. भागीदार आहेत म्हणतो, आत नमूद आहेत म्हणतो, आणि आत तर कुणीच नाही. तो मुन्शी विसरला? मुन्शी असं विसरत नाहीत. पगार त्याचाच घ्यायचे ते.

मग मला ते वेडच लागलं. ‘पर्टिक्युलर्स’ करून पाहिलं, ‘शेड्यूल’ करून पाहिलं, ‘क्लॉज’ करून पाहिलं. शेड्यूल बरं वाटलं, पण मग शेड्यूल कुठे आहे? जुन्या इंग्रज साहेबांनी केलेले काही तर्जुमे माझ्याकडे उतरवून ठेवलेत. ते काढले. गंमत म्हणजे त्यांनी सगळ्या शब्दांचं इंग्रजी केलंय, अगदी पदव्यांचंही, आणि हा एक शब्द तसाच ठेवलाय. ‘अॅज पर द जिम्न’. मला आधी वाटलं की साहेब आळशी. मग वाटलं, नाही, ज्याअर्थी तसाच ठेवला त्याअर्थी ऐकणाऱ्याला तो माहीत होता. साहेबाच्या कचेरीत जिम्न ही रोजची वस्तू असणार, आपल्याकडे पावती असते तशी. वस्तू म्हटल्यावर मी थांबले. इतका वेळ मी अर्थ शोधत होते. वस्तू असेल तर ती कशी दिसते?

आठ दिवसांनी कौसाबाई आली. म्हटलं, अजून चार दिवस द्या. ती म्हणाली, “बघा सावकाशीनं. पर मुकादमाची गाडी दिवाळीच्या मागं निघती. म्या कारखान्यावर गेल्यावर मला कुनी सांगायला येनार न्हाई.”

त्याच आठवड्यात दिंद्रुडहून एक गृहस्थ आले. किराणा दुकानदार, तोंडात पान, आणि डोक्यात एकच गोष्ट, की घरातल्या फारशी कागदात पुरलेल्या धनाची जागा लिहिली आहे. असे लोक वर्षाला दोन-तीन येतातच. मी त्यांना कंटाळले आहे. पण या गृहस्थांचा एक गुण होता, त्यांनी झेरॉक्स आणली नव्हती. कुणी जागा बघून ठेवील म्हणून झेरॉक्सवाल्याला कागद दाखवायलाच ते तयार नव्हते. मूळ कागद धोतराच्या फडक्यात गुंडाळून, पोटाशी धरून आणला होता.

“बाई, हळू आवाजात वाचा,” ते म्हणाले.

“घरात मी आणि तुम्ही. ऐकणार कोण?”

“तरी पन.”

मी वाचलं. सरकारी घोड्यांचा चारा पुरवल्याबद्दलचा कागद होता तो. त्यांचा चेहरा पडला. “घोडे कुठं पुरलेत?” असं त्यांनी विचारलंसुद्धा. चारा कुठल्या कुठल्या गावातून, तर ‘हस्बुज्जिम्न’. तोच शब्द. कौसाबाईची झेरॉक्स काढायला म्हणून घाईघाईने मी कागद खाली ठेवायला गेले आणि तो वाऱ्याने उलटा झाला. नाही, खोटं कशाला बोलू, वारा नव्हता. त्यांनीच उलटा केला. “मागं पन कायतरी हाय बघा, जागा तिथं असंल,” ते आशेने म्हणाले.

मागच्या बाजूला, वेगळ्या हाताचं, बारीक आणि तिरकं लिहिलेलं होतं. सर्वांत वर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून, रेघ ओढावी तसा एकच शब्द: जिम्न. त्याच्याखाली गावांची नावं आणि चाऱ्याचे भारे.

मौलवीसाहेबांची मला एवढी आठवण आली की समोर परका माणूस होता म्हणून रडले नाही. ते कुठलाही कागद हातात आला की वाचायच्या आधी उजेडाकडे धरायचे, उलटा करायचे, वास घ्यायचे. मला ते म्हातारपणीचे चाळे वाटत. “बेटी, कागज के दो मुंह होते, एक देखके फैसला नक्को करो,” असं म्हणायचे. मी हसायचे. पुढे झेरॉक्स आली, मग मोबाइलवर फोटो यायला लागले आणि कागद हातात घ्यायचंच बंद झालं. झेरॉक्सला पाठ नसते. सरकारी सनदेत मुख्य हुकूम पुढे आणि तपशील, म्हणजे कोण, किती, कुठून, ते मागे, ही साधी रीत. मुन्श्याने जिम्न लिहिलं ते ‘मागे बघा’ अशा अर्थाने. आणि ज्या बाईने एकतीस वर्षं प्रत्येक प्रश्नपत्रिकेच्या तळाशी ‘पी.टी.ओ.’ लिहिलं, जिने ते न बघणाऱ्या पोरांच्या कानाला धरलं, तिला हे कळलं नव्हतं.

दिंद्रुडच्या गृहस्थांना मी दोन कप चहा पाजला. ते मात्र नाराजच गेले.

आता इंग्रजी शब्द सापडला होता: ‘ओव्हरलीफ’. पण नुसत्या शब्दाने काय होणार? पाटलांच्या सनदेची मागची बाजू कुठे होती? मी सानप वकिलाला फोन केला, त्याला सगळं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी एसटीने मांजरसुंब्याला उतरून पाटलांच्या बंगल्यावर गेले. बापूसाहेबांनी, म्हणजे घराण्याच्या हल्लीच्या कर्त्या पुरुषाने, उठून नमस्कार केला. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. इंग्रजीत काठावर पास झालेला, आता राजकारणात चांगला चाललाय.

“सनद बघायची होती,” मी म्हटलं.

“या ना, देवघरात हाय.”

देवघरात संगमरवर, रंगीत दिव्यांची माळ, आणि देवांच्या शेजारी जाड सोनेरी फ्रेममध्ये सनद. काचेवर हळदीकुंकवाची बोटं, अष्टगंध, सुकलेलं आपट्याचं पान. दर दसऱ्याला आधी तिची पूजा होते, मग शस्त्रांची. त्यांच्या आजोबांनी ती जाड पुठ्ठ्यावर खळीने चिकटवून घेतली होती, म्हणजे सुरकुतू नये. तिच्यावर इतका जीव होता त्या घराचा की मागची बाजू त्यानंतर तीन पिढ्यांत कुणाच्या नजरेस पडली नव्हती. आणि झेरॉक्स काढली तीसुद्धा फ्रेम उचलून मशीनवर ठेवून, काचेवरून.

“बापूसाहेब, ही उघडायला हवी,” मी म्हटलं. “पाठीमागे मजकूर असणार. तुमच्या दाव्यात मी चुकीचं इंग्रजी लिहून दिलं होतं.”

त्यांनी काचेवरचं आपट्याचं पान सरळ केलं. “मागं काय असनार बाई? कोरा असतो कागद.”

“असेल कोरा. मग तुमचं भलंच होईल.”

“देवाची वस्तू हाय ती. मूर्ती कुनी उकलून बघतं का, आत काय हाय म्हनून?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “अन् तुमीच लिहून दिलं, शपथेवर. आता तुमीच खोडनार? लोक काय म्हनतील तुमाला, त्याचा इचार केला का?”

केला होता. एसटीत दुसरं काही केलंच नव्हतं. शपथेवर चुकलेल्या माणसाकडे पुन्हा कोण येतं? माझी पेन्शन चालू होती, पोटाचा प्रश्न नव्हता. प्रश्न ‘फारशीवाल्या बाई’चा होता, आणि खरं सांगते, तो मला पोटाएवढाच मोठा वाटत होता. बापूसाहेबांनी आग्रहाने जेवायला घातलं. सनद मात्र उघडू दिली नाही.

सानप वकिलाने अर्ज केला. त्याला माझं प्रतिज्ञापत्र जोडलं की पूर्वीचा तर्जुमा सदोष आहे आणि ‘हस्बुज्जिम्न’ याचा बरोबर अर्थ ‘कागदाच्या पाठीवर नोंदल्याप्रमाणे’ असा आहे. तारखा पडत गेल्या. कौसाबाई दोनदा कारखान्यावर जाऊन आली. अखेर मूळ सनद हजर करून सर्वांसमोर उघडण्याचा हुकूम झाला.

त्या दिवशी बापूसाहेब फ्रेम शालीत गुंडाळून घेऊन आले. पाठोपाठ त्यांच्या गावचे पंधरा-वीस लोक, जणू पालखीच निघालीय. कौसाबाई भिंतीशी उभी होती. गावातल्या फोटोफ्रेमवाल्याला बोलावलं होतं. त्याने खिळे काढले, काच काढली, आणि पुठ्ठ्यावर चिकटलेला कागद पाहून हात टेकले. “ओढला तर फाटतंय साहेब.” पाणी लावावं तर शाई पसरणार. मी म्हटलं, वाफ द्या. मग कोर्टाच्या कॅन्टीनमधून चहाची किटली आली. पुठ्ठ्याला मागून वाफ, पातळ पट्टीने एकेक बोट जागा सुटी करायची, पुन्हा वाफ. आल्याच्या चहाचा वास सुटला होता. तासभर कुणी जागचं हललं नाही. बापूसाहेबसुद्धा फ्रेमवाल्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते आणि मध्येच “हळू, हळू बे,” म्हणत होते. त्या तासात आम्ही कुणी कुणाच्या बाजूचे नव्हतो, सगळ्यांना फक्त मागे काय आहे ते बघायचं होतं.

कागद सुटला. उलटा केला. खळीने बराच भाग खाल्ला होता. पण वर ताणलेला शब्द होता, जिम्न, आणि त्याच्याखाली तीन ओळी. पहिली पाटलांच्या पूर्वजाची. दुसरीतलं नाव कसरीने नेलं होतं, फक्त ‘बागवान’ एवढं राहिलं होतं. झाडं लावणारा कुणी असेल. तिसरी ओळ पूर्ण होती. मी मोठ्याने वाचली. “मुसम्मात गंगू, आबकश, यक हिस्सा.” गंगू नावाची बाई, पाणी ओढणारी, एक हिस्सा.

कौसाबाई भिंतीपासून पुढे आली. “पुन्यांदा वाचा,” म्हणाली. तिला कुणी अडवलं नाही. मी पुन्हा वाचलं.

मग मला पिंजऱ्यात उभं केलं. पाटलांच्या वकिलाने जुना तर्जुमा पुढे धरला. ही सही तुमची का? हो. शपथेवर? हो. तेव्हा खरं सांगितलं की आता खरं सांगता? मी म्हटलं, तेव्हा खरं समजून चुकीचं सांगितलं. त्यांनी विचारलं, अशा किती तर्जुम्यांत तुम्ही हा शब्द असाच लिहिला आहे? मला उत्तर माहीत नव्हतं. आजही नाही. तेव्हापासून मी जुन्या नकला काढून एकेक तपासते आहे. दोन ठिकाणी शब्द सापडलाय, तिथे पत्रं टाकलीत. एकाचं उत्तर आलं नाही.

निकाल कौसाबाईच्या बाजूने लागला. पट्टी परत मिळाली. बापूसाहेबांनी पुढे अपील केलं नाही. सनद त्यांनी पुन्हा फ्रेम करून घेतली, या वेळी दोन्ही बाजूंना काच लावून, असं त्यांच्या मुलाने सांगितलं. ऐकून बरं वाटलं. माझ्याकडे येणारं काम निम्म्यावर आलं, तेही खरं.

निकालाच्या दिवशी कौसाबाई व्हरांड्यात माझ्याजवळ आली. मी पिंजऱ्यात काय कबूल केलं ते तिने ऐकलेलं होतं. मला वाटलं, ती भांडेल. मी मनातून तयारही होते. पण तिने साधंच विचारलं, एखाद्या शेजारणीला दळण का नाही आणलं असं विचारावं तसं.

“बाई, मग तवाच उलटून कावून बघितलं न्हाई?”

मी म्हटलं, “सुचलं नाही, कौसाबाई. मी झेरॉक्स वाचली आणि कोशात अर्थ शोधला. मूळ कागद मागितलाच नाही. माझं चुकलं. त्या दिवशी तुम्ही घरी आलात तेव्हाच सांगायला हवं होतं, तेही नाही सांगितलं.”

तिने मान डोलावली. “मला कुनी दावला असता तर म्या बघितलं असतं,” ती म्हणाली. “मला वाचता येत न्हाई ना. म्या कागुद हातात घेतला की दोन्हीकून बघते, काय ठावं कुठून सुरू व्हतंय. पर आज पातूर कुनी हातातच दिला न्हाई.”

मग डोक्यावरचा पदर सारखा करत ती घाईने निघाली. पट्टी बारा-तेरा वर्षं पडीक होती, बाभळी माजल्या होत्या, रान साफ होऊन पीक हाती यायला वर्ष तरी जाणार होतं. खाली गेटाशी पोरगी दोघींची गाठोडी घेऊन उभी होती, आणि मुकादमाची गाडी चार वाजता सुटणार होती.